आतड्याची मखमल : व्हिलाय आणि मायक्रोव्हिलाय

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या भाच्याचे वजन दीड वर्षापासून वाढत नव्हते, पोट फुगलेले असे आणि रक्तातील हिमोग्लोबिन औषधे देऊनही वर येत नव्हते. अखेर रक्ताची एक विशेष तपासणी झाली आणि दुर्बिणीतून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासण्यात आले. अहवालावर ‘व्हिलस ॲट्रॉफी, मार्श 3 बी’ असा शेरा असून डॉक्टरांनी ‘सीलिअ‍ॅक’ हे निदान (गहू खाल्ल्याने लहान आतड्याच्या अस्तराला इजा होण्याचा आजार) सांगितले आहे. गहू कायमचा बंद आणि काही महिने दूधही बंद ठेवायचे आहे. माझी मुलगी अकरावीत विज्ञान शाखेत आहे. तिच्या पुस्तकात व्हिलाय आणि मायक्रोव्हिलाय असे दोन शब्द आहेत. मायक्रोव्हिलाय म्हणजे लहान आकाराचे व्हिलाय, असे ती सांगते. या दोहोंत नेमका फरक काय? अहवालात मायक्रोव्हिलायचा उल्लेख का नाही? सपाट झालेले व्हिलाय पुन्हा उगवतात का? आणि दुधात गहू नसताना दूध बंद कशासाठी?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या मुलीचा समज चुकीचा आहे, पण तो अगदी स्वाभाविक आहे, कारण शब्दाची घडणच तसे सुचवते. ‘मायक्रो’ म्हणजे सूक्ष्म, तेव्हा मायक्रोव्हिलस म्हणजे छोटा व्हिलस, असे कोणालाही वाटेल. शरीररचनाशास्त्राच्या वर्गात मी दरवर्षी हा गैरसमज पाहतो. वस्तुस्थिती अशी आहे, की व्हिलस हा अनेक ऊतींनी मिळून बनलेला, हजारो पेशींचा उंचवटा आहे, तर मायक्रोव्हिलस हा एकाच पेशीच्या पृष्ठभागाचा बोटासारखा फुगवटा आहे आणि त्यात एकही संपूर्ण पेशी नसते. दोहोंच्या आकारात हजारपटीचे अंतर आहे हे खरे, पण त्याहून महत्त्वाचे अंतर रचनेच्या पातळीचे आहे. घर आणि त्या घराच्या एका विटेवरचा खरखरीतपणा यांत जे अंतर असते, तसे ते आहे. आपले उरलेले तिन्ही प्रश्न या एका भेदाशी जोडलेले असल्यामुळे तो जरा सविस्तर सांगतो.

व्हिलस हा मूळचा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ केसांचा झुबका किंवा लोकरीची लव, आणि त्याचे अनेकवचन व्हिलाय. लहान आतडे उभे चिरून, पाण्याने धुऊन, साध्या भिंगाखाली धरले तर आतला पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो. त्या मखमलीची एकेक लव म्हणजे एकेक व्हिलस. मराठीत याला रसांकुर असा सुंदर शब्द आहे, आणि मायक्रोव्हिलससाठी त्याला ‘सूक्ष्म’ हे विशेषण जोडण्याची पद्धत आहे. मला मात्र हे विशेषण अडचणीचे वाटते, कारण इंग्रजीतला गैरसमज त्यामुळे जसाच्या तसा मराठीत येतो. ‘पेशीअंकुर’ असे काही म्हटले असते, तर अकरावीच्या विद्यार्थ्याला अर्धी गोष्ट नावातूनच कळली असती. या उत्तरात मी परिचित असलेले मूळ शब्दच वापरतो.

एका व्हिलसची उंची साधारणपणे अर्धा ते एक मिलिमीटर असते. त्याच्या गाभ्यात सैलसर संयोजी ऊती असतात. त्यांत रक्तकेशिकांचे जाळे, चेतातंतू, रोगप्रतिकारक पेशी आणि अनैच्छिक स्नायूंचे काही धागे असतात. मधोमध एक बंद तोंडाची लसीकावाहिनी वर चढलेली असते, तिला लॅक्टियल म्हणतात. पचलेल्या अन्नातील शर्करा आणि अमिनो आम्ले केशिकांतून यकृताकडे जातात, तर स्निग्ध पदार्थांचा मोठा भाग लॅक्टियलच्या वाटेने जातो. जेवणानंतर या वाहिन्यांतला द्रव दुधासारखा पांढरा होतो. इटलीतील गास्पारे आसेल्ली या शरीरशास्त्रज्ञाने 1622 साली नुकतेच खाणे झालेल्या कुत्र्याच्या आतड्यांना आधार देणाऱ्या पडद्यात अशा पांढऱ्या वाहिन्या पाहिल्या, आणि दुधावरून त्यांना नाव मिळाले ते तेव्हापासून. गाभ्यातील स्नायूंचे धागे आखडले की व्हिलस आखूड होतो व लॅक्टियलमधला द्रव पुढे ढकलला जातो. म्हणजे व्हिलस स्वतः हालचाल करतो. या सगळ्या गाभ्यावर अभिस्तर पेशींचा एकच थर पांघरलेला असतो. त्यांतल्या बहुसंख्य पेशी शोषणाचे काम करणाऱ्या असतात आणि अधूनमधून श्लेष्म स्रवणाऱ्या चषकपेशी असतात.

आता त्या पांघरुणातली एकच शोषक पेशी डोळ्यांसमोर आणा. ती उभट खांबासारखी, सुमारे 20 ते 25 मायक्रोमीटर उंचीची असते, आणि एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अन्नाकडे तोंड असलेल्या तिच्या बाजूवर ब्रशाच्या दातांप्रमाणे दाटीने उभे राहिलेले दोन-तीन हजार फुगवटे असतात. हे मायक्रोव्हिलाय. प्रत्येकाची उंची सुमारे एक मायक्रोमीटर आणि जाडी त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी असते. आत रक्तवाहिनी नाही, चेतातंतू नाही, स्नायू नाही. ॲक्टिन या प्रथिनाच्या 20 ते 30 धाग्यांची एक जुडी असते आणि बाहेरून पेशीचाच पडदा तिला वेढून असतो. या धाग्यांना एकत्र बांधणारे एक प्रथिन 1979 साली वर्णिले गेले आणि त्याला ‘व्हिलिन’ हे नाव मिळाले. त्याची जागा मायक्रोव्हिलायमध्ये असूनही नाव व्हिलायवरून आलेले आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या गोंधळात आणखी भर पडते.

प्रमाण मनात ठसावे म्हणून मी वर्गात कोकणातल्या माडाचे उदाहरण देतो. एक मिलिमीटरचा व्हिलस 20 मीटर उंचीच्या माडाएवढा झाला असे धरले, तर त्याच्यावर पांघरलेली प्रत्येक पेशी हातभर लांब होईल, आणि त्या पेशीवरचा मायक्रोव्हिलस जेमतेम दोन सेंटिमीटरचा, म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान असेल. माड आणि त्याच्या सालीवरची लव, दोन्ही ‘उभे वाढलेले’ असतात, पण लवेला कोणी लहान माड म्हणत नाही.

हे दोन शब्द एकमेकांवर अवलंबून नाहीत, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा शरीरात इतरत्र मिळतो. मोठ्या आतड्यात व्हिलाय नसतात, त्याचा आतला पृष्ठभाग सपाट असतो. तरीही तिथल्या पेशींवर मायक्रोव्हिलाय असतात. मूत्रपिंडातील सूक्ष्मनलिकांच्या सुरुवातीच्या भागात पेशींवर मायक्रोव्हिलायची इतकी दाट किनार असते की तिलाही आतड्याप्रमाणेच ब्रश बॉर्डर म्हणतात, पण तिथे व्हिलाय नाहीत. उलट गर्भारपणी वारेत फांद्या फुटल्यासारखे व्हिलाय असतात, ते आईच्या रक्तात बुडालेले असतात आणि बाळाचे पोषण त्यांच्यामार्फत होते. त्यांच्या पृष्ठभागावर पुन्हा वेगळे मायक्रोव्हिलाय असतात. गर्भातील गुणसूत्रांचे दोष तपासण्यासाठी गर्भारपणाच्या दहाव्या आठवड्यानंतर वारेचा जो कण काढतात, तो या व्हिलायचाच असतो. मेंदूभोवतीच्या आवरणातही व्हिलाय आहेत आणि त्यांतून मेंदूजल रक्तात परत जाते. त्यांचा पचनाशी काहीच संबंध नाही. व्हिलस हे एका आकाराचे नाव आहे, एका अवयवाचे किंवा एका कामाचे नव्हे, हे लक्षात ठेवले तर पुढे घोटाळा होत नाही.

आतड्यात मात्र दोन्ही रचना एकावर एक रचलेल्या आहेत, आणि हेतू एकच : कमी जागेत जास्त पृष्ठभाग. आधी आतड्याच्या अस्तराला आडव्या वळ्या पडलेल्या, वळ्यांवर व्हिलाय, व्हिलायवरच्या पेशींवर मायक्रोव्हिलाय. हे सगळे उलगडले तर टेनिसचे मैदान झाकले जाईल, असे वाक्य अनेक पुस्तकांत अजून छापले जाते. 2014 साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील हेलांडर आणि फेन्ड्रिक्स या दोघांनी नव्याने मोजमाप केले, तेव्हा मानवी पचनमार्गाचा आतला पृष्ठभाग सरासरी 32 चौरस मीटर, म्हणजे साधारण अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाएवढा भरला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे वळ्यांमुळे क्षेत्रफळ दीडपटीहून थोडेच अधिक वाढते; व्हिलाय आणि मायक्रोव्हिलाय यांच्यामुळे मिळून ते 60 ते 120 पट वाढते. आपल्या मुलीच्या पुस्तकात टेनिसचे मैदान असेल, तर तिने समासात ही दुरुस्ती अवश्य लिहून ठेवावी.

आता अहवालाकडे वळू. तपासणीला आलेला तुकडा मेणात बसवून, त्याच्या पातळ चकत्या कापून आणि रंगवून रोगनिदानतज्ज्ञ त्या साध्या, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. व्हिलाय त्यात अगदी स्पष्ट दिसतात. त्यांची उंची आणि व्हिलायच्या पायथ्याशी असलेल्या खळग्यांची खोली यांची तुलना केली जाते. निरोगी आतड्यात व्हिलस खळग्याच्या सुमारे तिप्पट उंच असतो. सीलिअ‍ॅकमध्ये खळगे खोल होत जातात, व्हिलाय बुटके होतात आणि शेवटी पृष्ठभाग सपाट होतो. मार्श या संशोधकांनी 1992 साली या बदलाच्या पायऱ्या मांडल्या, आणि पुढे तिसऱ्या पायरीचे तीन पोटविभाग पाडले गेले. ‘3 ए’मध्ये व्हिलाय थोडे खुजे झालेले असतात, ‘3 बी’मध्ये त्यांचे फक्त ठसठशीत खुंट उरतात, आणि ‘3 सी’मध्ये तेही दिसत नाहीत. आपल्या भाच्याचे आतडे मधल्या पायरीवर आहे.

मायक्रोव्हिलाय मात्र या सूक्ष्मदर्शकात सुटे दिसूच शकत नाहीत, कारण त्यांची जाडी आणि त्यांच्यामधले अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही कमी आहे. पेशींच्या कडेला एक गुलाबी रेघ तेवढी दिसते. त्या रेघेचे खरे स्वरूप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यानंतरच उलगडले. नेहमीच्या निदानाला त्या महागड्या तपासणीची गरज नसते, म्हणून अहवालात मायक्रोव्हिलायचा उल्लेख नाही. याचा अर्थ ते शाबूत आहेत असा मात्र घेऊ नये. व्हिलस खुजा झाला की त्याच्यावरच्या पेशी कमी होतात, उरलेल्या पेशी अपक्व असतात आणि त्यांच्यावरचे मायक्रोव्हिलायही आखूड व विरळ असतात.

दुधाच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. आपण शाळेत शिकतो की पाचकरस अन्न पचवतात, पण पचनाची शेवटची पायरी आतड्याच्या पोकळीत तरंगत्या रसात होत नाही, ती मायक्रोव्हिलायच्या पडद्यावर होते. दुग्धशर्करा तोडणारे लॅक्टेज हे विकर त्या पडद्यात रोवलेले असते आणि ते मुख्यतः व्हिलायच्या वरच्या भागातील परिपक्व पेशींवर आढळते. नुकसान पोहोचते तेही प्रामुख्याने याच पेशींना. म्हणजे गव्हामुळे व्हिलाय झिजतात, व्हिलायबरोबर त्यांच्यावरचे मायक्रोव्हिलाय जातात, मायक्रोव्हिलायबरोबर लॅक्टेज जाते, आणि मग न पचलेली दुग्धशर्करा मोठ्या आतड्यात पोहोचून गुबारा व जुलाब होतात. दूध हे इथे रोगाचे कारण नाही. अस्तर भरून आले की लॅक्टेज परत येते आणि बहुतेक मुलांना दूध पुन्हा सोसू लागते. दही-ताक तर अनेकांना त्याआधीही चालते. कधी सुरू करायचे ते अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. रोटाव्हायरसच्या जुलाबानंतर लहान मुलांना काही दिवस दूध पचत नाही, त्याचेही कारण हेच. तो विषाणू व्हिलायच्या शेंड्याकडील पेशींत वाढतो.

आणि उगवण्याचा प्रश्न. होय, व्हिलाय पुन्हा उभे राहतात, आणि ही गोष्ट मला आपल्याला अगदी निःशंकपणे सांगायची आहे. व्हिलस झडला तरी पायथ्याचे खळगे जिवंत असतात, आणि पेशी तयार होतात त्या तिथेच. नव्या पेशी खळग्यातून निघून व्हिलसच्या उतारावरून वर सरकत तीन ते पाच दिवसांत शेंड्याला पोहोचतात आणि तिथून गळून पडतात. शरीरातील फार थोड्या ऊती इतक्या वेगाने नव्या होतात. खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशींची ओळख नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत 2007 साली पटली. योगायोग असा, की गहू हेच सीलिअ‍ॅकचे कारण आहे हे विल्लेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी मांडलेला 1950 चा प्रबंधही उट्रेख्ट विद्यापीठाचाच होता. डिके यांना गव्हाविषयी संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आला होता. 1944–45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई होती, पाव मिळत नव्हता, आणि त्या काळातील अनुभवाने त्यांचा तो संशय बळावला. प्रबंध लिहिला तेव्हा झिजलेले व्हिलाय जिवंत रुग्णाच्या आतड्यात सहजपणे पाहण्याचे साधन हाती नव्हते. तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा तुकडा काढण्याची पद्धत 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. म्हणजे आजार कशाने होतो हे आधी कळले आणि तो आतड्यात काय करतो हे नंतर नीट दिसले.

पेशी पाच दिवसांत बदलत असल्या तरी व्हिलाय पाच दिवसांत भरून येत नाहीत, कारण गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे भडकलेला दाह शमायला वेळ लागतो. मुलांमध्ये सुधारणा काही महिन्यांत दिसू लागते, प्रौढांमध्ये पूर्ववत होण्यास वर्ष-दोन वर्षे किंवा अधिकही लागू शकतात. अट एकच, पथ्य शंभर टक्के हवे. ग्लुटेन गव्हाबरोबर सातूमध्येही (जव, बार्ली) असते. सुदैवाने मराठी स्वयंपाकघरात ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा असे कितीतरी पर्याय पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि भाकरी खाणाऱ्या घराला हे पथ्य पोळी खाणाऱ्या घरापेक्षा सोपे जाते. चूक होते ती लपलेल्या गव्हाने. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू घालतात. बाजारातील डबीबंद हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणून डबीवरील घटक वाचल्याखेरीज तो फोडणीत घालू नये. आणि पिठाच्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हावर आपली ज्वारी दळली, तर ती ज्वारी या मुलासाठी ज्वारी राहत नाही. घरी छोटी चक्की घेता आली तर उत्तम. नाहीतर त्याचे धान्य फक्त बिनगव्हाची दळणे करणाऱ्या जात्यावरूनच आणावे.

मायक्रोव्हिलायपुरताच मर्यादित असा आजार असतो का, हेही आपल्या मुलीला विचारावेसे वाटेल. पूर्णपणे मर्यादित नाही, पण मुळाशी तोच दोष असलेला एक अतिशय विरळ जन्मजात आजार आहे. 1978 साली त्याचे वर्णन प्रथम झाले. त्यात जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच पाण्यासारखे अनावर जुलाब सुरू होतात. मायक्रोव्हिलाय पेशीच्या पृष्ठभागावर नीट उभे राहत नाहीत, उलट पेशीच्या आत पोकळ्यांमध्ये अडकलेले दिसतात. पेशीतील मालाची ने-आण करणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातील बिघाड हे त्याचे प्रमुख कारण असल्याचे 2008 साली कळले. या बाळांच्या बाबतीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे महत्त्व फार मोठे ठरते. जुलाब घडवणारे ई. कोलाय या जिवाणूचे काही प्रकारही पेशीला चिकटून तेवढ्या जागेचे मायक्रोव्हिलाय नष्ट करतात, जेव्हा खालचा व्हिलस दिसायला ठीकच असतो.

प्रश्न : जिभेवर जे बारीक काटे दिसतात, तेही व्हिलायच का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नाही. त्यांना पॅपिला म्हणतात, आणि मराठीत अंकुरक हा शब्द रूढ आहे. व्हिलसप्रमाणे तेही ऊतींचे उंचवटे आहेत आणि त्यांच्याही गाभ्यात संयोजी ऊती व रक्तवाहिन्या असतात. पण व्हिलसवर शोषण करणाऱ्या पेशींचा एकच नाजूक थर असतो, तर जिभेच्या अंकुरकांवर घर्षण सोसणारे पेशींचे अनेक थर असतात. आपल्याला जे काटे सर्वांत जास्त संख्येने दिसतात, ते धाग्यासारखे टोकदार अंकुरक चव ओळखतही नाहीत. घास धरून ठेवणे आणि जीभ खरखरीत ठेवणे हे त्यांचे काम. चवीच्या रुचिकलिका इतर प्रकारच्या अंकुरकांवर असतात. त्या प्रत्येक रुचिकलिकेला वर एक सूक्ष्म छिद्र असते, आणि त्या छिद्रात चव ओळखणाऱ्या पेशी आपले जे टोक पुढे करतात, त्यावर मायक्रोव्हिलाय असतात. लाळेत विरघळलेली साखर चवीच्या पेशीला प्रथम भेटते ती तिथे.